करुणाताईंनी संपवलेलं गाणं

आमच्या बँडचं नाव ‘नहर’. बँड सुरू होऊन अठ्ठावीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात आम्ही लोकांसमोर आणलेली गाणी आहेत अकरा. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, “मग बाकीचा वेळ तुम्ही करता काय?” बाकीचा वेळ आम्ही तीच गाणी बदलत असतो. म्हणजे गोकुळदादा बदलतो, अप्पाराव कपाळाला हात लावून बसतात, मी खाली मान घालून बेस गिटारच्या तारा पुसतो आणि करुणाताई चिडतात. मला सांगायचंय ते करुणाताईंबद्दल.

मी प्रणय. औरंगपुऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि दुकानाच्या बरोब्बर डोक्यावर करुणाताईंची टायपिंग इन्स्टिट्यूट. २०१२ साली एका दुपारी त्या चष्म्याची दांडी बसवून घ्यायला खाली आल्या. काउंटरमागं माझी कॉलेजातली गिटार टांगलेली होती, तिच्याकडं बघत म्हणाल्या, “बेस वाजवतोस का?” मी नाही म्हणालो. “मग वाजव. त्याला चारच तारा असतात, तुझ्या दोन वाचतील. रविवारी दहाला वर ये.” मी या बँडचा पाचवा बेसवाला. आधीचे चौघं का गेले हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

आमच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. ड्रम, गिटार, कीबोर्ड हे सगळं रॉकचंच, पण गाणं चार मिनिटांत आटपत नाही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं चालतं, वाटेत तीनदा ताल बदलतं, आणि धृपद परत येईल म्हणून वाट बघत बसलेल्या माणसाला ते बहुतेक भेटतच नाही. आपल्या शहरात याला गिऱ्हाईक किती असणार? तेव्हाही नव्हतं, आताही फारसं नाही.

करुणाताईंचे वडील रामकिसन. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. इन्स्टिट्यूट त्यांनीच काढलेली. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस, दर सहा महिन्यांनी परीक्षा. पण एप्रिल उजाडला की अण्णांचा पाय इन्स्टिट्यूटमध्ये ठरायचा नाही. ते आंबेडकरी जलशात पेटी वाजवायचे, आणि जयंतीच्या दिवसांत पैठणपासून पार जिंतूरपर्यंत गावोगावी त्यांचे कार्यक्रम असायचे. करुणाताई सहा वर्षांच्या असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून पेटी शिकल्या. अण्णा एक ओळ वाजवायचे, त्या ती परत वाजवायच्या. चूक झाली की अण्णा काही बोलायचे नाहीत, भाता दाबून धरायचे. सूरच बंद.

१९९७ मध्ये त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. इन्स्टिट्यूटमध्ये नव्या पोरांकडं लक्ष द्यायचं काम त्यांच्याकडं होतं. शेंद्र्याचा एक केसाळ मुलगा इंग्रजी टायपिंगला आला. घरची शेती होती, पण बापाला वाटत होतं की पोरानं सरकारी नोकरी धरावी. हाच गोकुळ. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच धडा असतो: ए एस डी एफ जी एफ, मग एक मोकळी जागा, मग परत तेच. वीस मशिनींचा खडखडाट चालू असताना करुणाताईंना एकच मशीन वेगळी ऐकू आली. त्या त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

“मोकळी जागा मोजून सोडतोस का?”

“व्हय,” तो मान न वळवता म्हणाला. “सहा अक्षरं आन् एक रिकामी. सात होतात.”

“रूपक ताल झाला की हा.”

आता मात्र त्यानं मान वळवली. नंतर त्यानं मला सांगितलं की तोवर त्याच्या आयुष्यात कुणी त्याच्या डोक्यातलं ओळखून दाखवलेलं नव्हतं. कुठल्याशा नातेवाइकाकडं त्यानं एक कॅसेट ऐकली होती, त्यात एकच गाणं वीस मिनिटांचं होतं. पहिल्यांदा त्याला वाटलं टेप अडकली. मग त्यानं ती कॅसेट परत दिलीच नाही.

तो टायपिंगची परीक्षा काही पास झाला नाही, पण दोन महिन्यांत बँड उभा राहिला. लग्नाच्या बँडबाज्यात साइड ड्रम वाजवणारे अप्पाराव आले. शहराच्या पोटातून चारशे वर्षांपूर्वी खापरी नळांनी पाणी आणलं गेलं, त्या नहरीचं नाव गोकुळदादानं बँडला दिलं. अण्णांनी इन्स्टिट्यूटची खोली रविवारी सकाळी वापरायला दिली, पण पहिलं गाणं ऐकून ते म्हणाले होते, “वाजवता चांगलं. पण पोरांनो, तुमच्या गाण्यात माणसानं पाय कुठं टाकायचा?”

गोकुळदादा हसला. करुणाताई नाही हसल्या. त्यांना तो प्रश्न बरोबर वाटला होता, आणि गोकुळदादाचं गाणंही बरोबर वाटत होतं. त्यांची सगळी अडचण तिथूनच सुरू झाली असावी.

२००१ मध्ये पहिली कॅसेट निघाली. कॅसेटच्या एका बाजूला साडेबावीस मिनिटं मावत होती आणि गोकुळदादाचं मोठं गाणं पंचवीस मिनिटांचं होतं. करुणाताई म्हणाल्या, अडीच मिनिटं काप. तो म्हणाला, कुठली ते तूच सांग. त्यांनी बसून वहीत खुणा करून दिल्या. त्यानं खरंच ती अडीच मिनिटं काढली आणि पुढच्या रविवारी त्या जागी नवी चार घालून आणली. शेवटी गाणं मध्येच तुटलं आणि उरलेलं दुसऱ्या बाजूला गेलं. गुलमंडीच्या दुकानदारानं आठ दिवसांत निम्म्या कॅसेटी परत आणून ठेवल्या. गिऱ्हाईक म्हणत होतं, माल खराब आहे, गाणं अर्ध्यात बंद पडतं.

मग २००४ चा गणपती. एका मंडळानं ‘नहर’ला रॉक बँड म्हणून बोलावलं. पोरं नाचायच्या तयारीनं आली होती. बँडनं चौदा मिनिटांचं गाणं धरलं, सातच्या तालात. पोरं दोन-तीनदा नाचायला गेली, पाय चुकले, मग उभी राहिली, मग खाली बसली. मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर आले आणि वाकून करुणाताईंना म्हणाले, “ताई, हे सुरू कधी होणार?”

दोन्ही हात कीबोर्डवर होते. त्या तशाच म्हणाल्या, “झालंय सुरू. नऊ मिनिटं झाली.”

“मंग संपणार कधी?”

करुणाताईंनी हनुवटीनं गोकुळदादाकडं खूण केली. “त्याला विचारा. अन् कळलं तर मलापण सांगा.”

गायक तर किती आले आणि गेले. आता सायली आहे, ती दहावी. तिच्या आधी विशाखा नावाची मुलगी होती, गळा फार सुंदर. एकोणीस मिनिटांच्या गाण्यात तिच्या वाट्याला आठ ओळी आल्या होत्या. पैठणच्या एका कार्यक्रमात मधलं वाजवणं चालू असताना ती स्टेजवरून उतरली, कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेतला, परत आली, आणि तरी तिची ओळ यायला चार मिनिटं बाकी होती. दुसऱ्या दिवशी तिनं करुणाताईंना फोन करून माफी मागितली आणि बँड सोडला. “तिची काय चूक?” करुणाताई म्हणायच्या. “मीच गेले असते चहाला, पण माझे हात अडकलेले असतात.”

त्यांचं लग्नही या सगळ्याला धरून झालं. बघायला आलेल्या प्रत्येक स्थळाला त्या सांगायच्या की रविवार माझा नसतो. दोन स्थळं त्यावरच परत गेली. राजेंद्रभाऊ एस.टी.त कंडक्टर. ते म्हणाले, “रविवारी माझी ड्युटीच असते.” ठरलं. पुढं कीबोर्ड उचलायला, कार्यक्रमाच्या गावाला गाडी कुठून बदलायची ते सांगायला भाऊ कायम हजर. गाणं मात्र त्यांनी एकही शेवटपर्यंत ऐकलं नसेल. झोप लागते म्हणतात, आणि ते प्रामाणिकपणानं सांगतात.

मी एकदा ताईंना विचारलं होतं, एवढा वैताग आहे तर सोडत का नाही? त्या कॉम्प्युटरवर पोरांचे पेपर तपासत होत्या. म्हणाल्या, “गोकुळला जे ऐकू येतं ना प्रणय, ते मलापण ऐकू येतं. तेच तर दुखणं आहे. ऐकू आलं नसतं तर केव्हाच सुटले असते.”

मी बँडमध्ये आलो त्याच वर्षी गोकुळदादानं ‘जमिनीखालून’ हे गाणं सुरू केलं. डोंगरातल्या विहिरीपासून शहरातल्या कारंज्यापर्यंत नहरीचं पाणी कसं येतं, ते पाच भागांत. तोवर त्याची बरीच जमीन शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत गेली होती. उरलेल्या तुकड्यावरच्या खोलीत त्यानं भिंतींना गोणपाट लावून रेकॉर्डिंगची सोय केली होती. अप्पाराव शेजारच्याच कारखान्यात लागले होते, पहिली पाळी संपली की थेट तिथं यायचे. मला वाटलं होतं, वर्षभरात गाणं होईल.

तिसऱ्या भागात पाणी खापरी नळात शिरतं. तिथं कीबोर्ड नको, खरी पेटी पाहिजे, असं करुणाताई म्हणाल्या. आणि पेटी अण्णांचीच. २०१५ च्या जानेवारीत अण्णा राजेंद्रभाऊंच्या मागं स्कूटरवर बसून शेंद्र्याला आले. वय चौऱ्याहत्तर. पांढरा इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पेटी. बसल्याबसल्या त्यांनी गोकुळदादाला विचारलं, “सम कुठंय?” त्यानं टाळी देऊन दाखवली. अण्णांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, “लाव.”

सव्वाचार मिनिटं. एकदाच वाजवलं. मी त्या खोलीत होतो म्हणून सांगतो, गोकुळदादाच्या सगळ्या हिशोबी तालात पहिल्यांदा कुणीतरी चालत आल्यासारखं वाटलं. शेवटचा सूर सोडून अण्णांनी भाता मिटला आणि स्वतःशीच म्हणाले, “हां, बसलं.” तेही रेकॉर्ड झालं.

गोकुळदादाच्या डोळ्यांत पाणी होतं. “अण्णा, हे ठेवणार. शब्दासकट ठेवणार.”

त्यानंतर दर महिन्याला अण्णा लेकीला विचारायचे, “आलं का गं ते?” आणि करुणाताई म्हणायच्या, “पुढच्या महिन्यात.” असं त्या चार वर्षं म्हणत होत्या. २०१९ च्या पावसाळ्यात अण्णा थोड्या दिवसांच्या आजारानं गेले. गोकुळदादानं खांदा दिला, तीन दिवस त्यांच्या घरातून हलला नाही. जाताना करुणाताईंना म्हणाला, “सहा महिन्यांत पुरं करतो. शब्द देतो.”

त्यालाही पुढं पाच वर्षं गेली.

असं नाही की तो बसून होता. बसून असता तर बरं झालं असतं. तो रोज सकाळी त्या खोलीत जायचा आणि काहीतरी बदलून यायचा. दुसरा भाग चौथ्या जागी गेला, चौथा गेला आणि परत आला. अप्पारावांनी एकाच तुकड्याचे ड्रम अकरा वेळा दिले. अकराव्यांदा त्यांनी काड्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, “गोकुळ, कारखान्यात एक नट अकरा बार फिट केला तर सायेब मला घरी पाठवंल.” गोकुळदादा म्हणाला, “पण अप्पा, आता लई जवळ आलंय.” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की माझ्या दुकानात एखादं गिऱ्हाईक “जवळचं दिसत नाय” म्हणालं तरी माझी मान आपोआप खाली जाते.

आणि मग २०२४ च्या जुलैमधला तो रविवार. गोकुळदादानं नवीन रूप ऐकवायला सगळ्यांना शेंद्र्याला बोलावलं. आम्ही चटईवर बसलो. पहिला भाग झाला, दुसरा झाला, तिसरा सुरू झाला. करुणाताई पुढं झुकल्या. पाणी नळात शिरलं आणि सरळ पलीकडून निघून गेलं. पेटी आलीच नाही.

त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

“अण्णा कुठं गेले?”

गोकुळदादानं मान खाजवली. “तिथं आता मांडणी बदलली ना. पाचव्या भागासाठी सूर खाली घ्यावा लागला. पेटी बसत नाय त्याच्यात. लई बघितलं मी.”

“मग सूर वर घे.”

“मग पाचवा भाग जातो.”

“जाऊ दे पाचवा भाग.”

“असं कसं बोलतीस, करुणा? पाचव्यासाठी तर हे सगळं केलं!”

“तू शब्द दिला होतास.”

“दिला होता. पण गाण्याला काय पाहिजे ते बघावं लागतं. अण्णांना पण पटलं असतं.”

“अण्णांचं नाव घेऊन मला सांगू नको,” करुणाताई उठल्या. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. त्या टेबलाकडं गेल्या, कॉम्प्युटरला लावलेली हार्ड डिस्क ओढून काढली, पर्समध्ये डबा आणि छत्रीच्या मध्ये ठेवली आणि चेन लावली.

“करुणा, ती ठेव इथं.”

“पंधरा डिसेंबरला हॉल घेतलाय. रविवार आहे, सकाळी साडेदहा. जे असेल ते तेव्हा वाजणार.”

“कधी घेतलास हॉल?”

“घेतलाय,” म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. मी त्यांच्या मागं पळालो. शेंद्र्याच्या फाट्यापर्यंत त्या तरातरा चालत गेल्या. तिथं रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, “उद्या आधी हॉल बघावा लागेल रे. पंधरा डिसेंबर मोकळा असला म्हणजे मिळवली.”

मोकळा होता.

त्या हार्ड डिस्कवर ‘जमिनीखालून’ची त्रेसष्ट रूपं निघाली. ताईंनी सगळी ऐकली. दुपारी दोन ते चार इन्स्टिट्यूट रिकामी असते. तेव्हा कानाला हेडफोन लावून, समोर हजेरीचं जुनं रजिस्टर घेऊन त्या बसायच्या. तीन आठवडे हे चाललं. मी मधूनमधून चहा घेऊन वर जायचो. एक दिवस गेलो तर हेडफोन काढून ठेवलेला आणि दोन्ही हातांनी कपाळ धरून बसलेल्या.

“बाविसावं ऐक,” त्या म्हणाल्या.

मी तिथंच खुर्चीत बसून ऐकलं. बेचाळीस मिनिटं. कुठं अडत नव्हतं, कुठं लांबत नव्हतं. प्रत्येक भाग पुढच्यात असा जात होता की दुसरं काही असू शकतं असं वाटेना. तिसऱ्या भागात अण्णांची पेटी होती. फक्त ते “हां, बसलं” कापलेलं होतं.

“छान आहे,” मी म्हणालो. “हेच वाजवू या.”

“तारीख बघितलीस?”

मी बघितली. ऑक्टोबर २०१६.

“आठ वर्षांपूर्वी झालेलं होतं रे हे गाणं,” करुणाताई म्हणाल्या. “तयार होतं. त्याच्यावर एकेचाळीस रूपं केली आपण. अण्णा तेव्हा रोज सकाळी जिन्यावरून चालत वर यायचे. या खुर्चीत बसून ऐकलं असतं त्यांनी.” त्यांनी रजिस्टर उचलून टेबलावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. खाली माझ्या दुकानात काचा हलल्या म्हणे. “अन् मी काय केलं? मी पण दर रविवारी जाऊन त्याला अजून एक कल्पना देत होते. नुसता गोकुळच नाही. मीपण.”

त्या रडल्या नाहीत. चहा मात्र तसाच गार झाला.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही बाविसावं रूप बसवायला घेतलं. गोकुळदादाला ताईंनी एकच मेसेज केला: रविवारी दहा, औरंगपुरा, बाविसावं. उत्तर आलं नाही. सायलीनं विचारलं, दुसरा गिटारवाला बघायचा का? “नाही,” ताई म्हणाल्या. “त्याच्या जागा रिकाम्या सोडा. नाही आला तर रिकाम्याच राहतील.” तीन रविवार आम्ही भोकं पडलेलं गाणं वाजवलं. चौथ्या रविवारी पावणेबाराला गोकुळदादा जिना चढून आला, गिटार काढली, तारा लावल्या आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, “दुसऱ्या भागात अप्पाराव घाई करतोय.”

अप्पाराव म्हणाले, “बारा वर्षं झाली, आन् मी घाई करतोय व्हय?”

मला हसू आलं. ताईंना आलं नाही. “गोकुळ,” त्या म्हणाल्या, “एक बदल. सगळ्या गाण्यात तुला एक बदल करायचा हक्क. कुठला ते ठरव. बाकी एक सूर हलवायचा नाही.”

त्यानं दोन रविवार वाद घातला. कमीत कमी पाच तरी पाहिजेत म्हणाला. मग तीनवर आला. ताई एकावरून हलल्या नाहीत. त्यानंतर तो घरी काय विचार करत होता देव जाणे. त्याची बायको म्हणाली की जेवताना बोटं मोजायचा. शेवटी नोव्हेंबरमध्ये एका रविवारी येऊन म्हणाला, “ठरलं.” आता हा नवा पाचवा भाग मागणार, असं मला वाटलं.

“अण्णांचे शब्द परत लावायचे,” तो म्हणाला. “मी ते सफाई म्हणून काढले होते. चुकलंच ते.”

करुणाताईंनी वहीची पानं परत पहिल्यापर्यंत उलटली. मग म्हणाल्या, “बरं. चला, पहिल्यापासून.” पण त्या दिवशी त्यांनी पहिल्या भागात दोन चुका केल्या, आणि त्या चुकत नाहीत.

पंधरा डिसेंबरला सकाळी हॉलमध्ये सव्वाशे माणसं असतील. त्यातली निम्मी इन्स्टिट्यूटचे आजी-माजी विद्यार्थी. परीक्षेच्या वेळी बाई काय करतील या भीतीनं आले असावेत, कारण पूर्ण वेळ कुणी हललं नाही. पहिल्या रांगेत करुणाताईंच्या आई लक्ष्मीबाई पांढऱ्या साडीत बसल्या होत्या, शेजारी राजेंद्रभाऊ. भाऊंनी त्या दिवशी रजा टाकली होती आणि जागं राहण्यासाठी खिशात सुपारी आणली होती.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या भागात माझा एक सूर चुकला. सायलीनं तिच्या ओळी सुरेख म्हटल्या, आणि मधल्या वाजवण्यात खुर्चीवर शांत बसून राहिली. तिसऱ्या भागात आम्ही सगळ्यांनी आवाज खाली आणला आणि स्पीकरमधून अण्णांची पेटी आली. अप्पाराव फक्त काठावर वाजवत होते. करुणाताईंचे हात मांडीवर होते, त्या भागात त्यांना काम नव्हतं. त्या सरळ समोर बघत होत्या. सव्वाचार मिनिटांनी भाता मिटल्याचा आवाज आला आणि अण्णा म्हणाले, “हां, बसलं.”

लक्ष्मीबाई शेजारच्या अनोळखी बाईला मोठ्यानं म्हणाल्या, “हे आमचे.” तेवढ्या शांततेत ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

चौथा आणि पाचवा भाग मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की शेवट आला. सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे शेवटचा सूर धरला, सोडला. आणि गोकुळदादानं सोडला नाही. तो डोळे मिटून त्याच सुरावरून हळूहळू कुठंतरी पुढं निघाला. नवीनच काहीतरी होतं. अप्पाराव काड्या हवेत धरून करुणाताईंकडं बघायला लागले, मीही बघितलं. वाईट नव्हतं ते, खरं सांगतो. ताईंनाही ऐकू येत होतं पुढं काय आहे ते, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. उजवा हात कीबोर्डवर एक पट्टी शोधत पुढं गेलासुद्धा.

मग त्यांनी हात मागं घेतला. कीबोर्डचं बटण बंद केलं. खालून निळं कव्हर काढलं, दोन टोकं नीट खाली ओढून ते कीबोर्डवर घातलं आणि स्टेजच्या पुढं येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. लोकांना कळलं. टाळ्या सुरू झाल्या, इन्स्टिट्यूटची पोरं उभी राहिली. त्या आवाजात गोकुळदादाची गिटार बुडाली. त्यानं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं, आणि थांबला.

पडदा पडल्यावर तो ताईंकडं आला. “अजून तीन मिनिटं होती माझ्याजवळ.”

“माहीत होतं,” ताई म्हणाल्या. “म्हणून तर उठले.”

“लई वाईट केलंस.”

“व्हय. केलं.”

तो दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ताईंनी होतं तसं, माझ्या चुकीसकट, इंटरनेटवर टाकलं. पहिल्या आठवड्यात साडेतीनशे लोकांनी ऐकलं. जिंतूरहून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं की पेटीवाल्यांना आम्ही आमच्या गावात १९८८ साली ऐकलं होतं, पेटी तीच वाटते. ताईंनी ते आईला वाचून दाखवलं. आईंनी दोनदा वाचायला लावलं. गोकुळदादानं मात्र माझ्यामार्फत चुकांची यादी पाठवली. एकोणीस होत्या. ताईंनी त्यातल्या सहा मान्य केल्या आणि तेराला उत्तरं लिहून यादी परत पाठवली. भांडण परत सुरू झालं, तेव्हा मला कळलं की आता बँड सुरू आहे.

यंदा नवीन गाणं घेतलंय. ताईंची अट आहे, बारा मिनिटं, आणि वर्षाच्या आत. गोकुळदादानं बारा मिनिटं कबूल केली. गेल्या रविवारी मला दुकानात एक गिऱ्हाईक आलं म्हणून वर जायला उशीर झाला. त्या माणसाला मी अक्षरं वाचायला लावत होतो आणि छतातून ताईंचा आवाज येत होता: “सतरा झाली, गोकुळ! सतरा! बारा म्हणजे किती, सांग बरं मला!”

गिऱ्हाईकानं वर बघितलं. “क्लास चालूय का हो?”

“नाही,” मी म्हणालो. “आमची प्रॅक्टिस आहे. डावा डोळा झाका.”